अप्पांचे पाय, सुभद्राचा घाम

अप्पांना गावऱ्हाटीत पहिला मान. जत्रेच्या सकाळी देवीसमोर उभं राहून साऱ्या गावाचं गाऱ्हाणं त्यांनीच घालायचं. पण देऊळ पडलं खाली तळ्याकाठी, आणि वर्षानुवर्षं पडवीत बसून अप्पांच्या पायांची झाली होती वाळकी लाकडं. पायऱ्या उतरताना गुडघे दगा देत. धाकटा भाऊ, भाई, मानासाठी टपलेलाच. ‘अप्पाक खाली उतरूक झाला नाय, तर मान माझो,’ असं त्याने चारचौघांत सांगितलं होतं.

देवगडला सुट्टीवर आलेल्या डॉक्टरने भलताच उपाय सांगितला. दोन सायकली पाठीला पाठ लावून लाकडी घोडीवर ठोकायच्या आणि दोन्हींना एकच साखळी घालायची. एकाने पायडल मारायचं, दुसऱ्याने ते पायांनी नुसतं अडवायचं. ‘अडवणाऱ्याला दम लागत नाही, पण पाय घट्ट होतात,’ डॉक्टर म्हणाला. ‘पण हे उतरायचं बळ हां. चढणं वेगळं शिकावं लागेल.’

“चढाक सून आसा,” अप्पा म्हणाले.

म्हणजे पायडल मारायचं कोणी? सून सुभद्राने! दुसरं होतं कोण? बाबली सुताराने मागच्या पडवीत घोडी उभी करून दिली. सुभद्रा लुगड्याचा काष्टा मारून रोज पहाटे सायकलीवर चढायची. पाठीमागे अप्पा पाय रोवून बसायचे.

“फिरव गो! जोर खंय गेलो तुझो?”

ती घामाने निथळायची, मांड्या पेटायच्या. अप्पा मात्र खाली उतरून पान लावायचे. “बघ, माका धापय लागाक नाय!” लागेल कशी मेल्या? राबणारी एक आणि मिरवणारा दुसराच!

तरी ती मारत राहिली. तिला मूल हवं होतं. नवरा सत्यवान बोटीवर, दोन वर्षांनी एकदा घरी यायचा, आणि वांझ कोण? तर सुभद्रा! देवीपुढे बाईचं गाऱ्हाणं मानकऱ्याच्याच तोंडून जायचं.

“अप्पांनू, माझा गाऱ्हाणा घालशात मां?”

“घालतलंय गो! फिरव तू.”

जत्रेच्या सकाळी अप्पा चिऱ्याच्या पायऱ्या उतरले, कोणाचाही हात न धरता. गाव बघतच राहिला. भाईचं तोंड एवढंसं झालं. सुभद्राचा ऊर भरून आला. ते बळ तिनेच तर दिलं होतं.

अप्पांनी हात जोडले. “आई, होड्यो सुखरूप धक्क्याक लाव!”

“व्हय म्हाराजा!” गाव गरजला.

“गुरावासरांक राख!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि आई, माझी सून सुभद्रा... हिची कूस उजवाक नाय!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज सुभद्राचा. तिने डोळे मिटले होते, गालांवरून पाणी वाहत होतं.

“हिका आमच्या घरातून दूर कर, आणि माझ्या झिलाक, सत्यवानाक, दुसरी बायल दी!”

“व्हय म्हाराजा!”

गावासोबत तीही म्हणून गेली होती. ओघातच शब्द तोंडून निघाले. शेजारची यशोदा तिच्याकडे वळून बघायला लागली, तेव्हा कुठे तिला कळलं, आपण कशाला हो म्हटलं. आपल्याच तोंडाने, देवीसमोर!

नारळ फुटले, प्रसाद वाटला. अप्पा वर निघाले. चार पायऱ्यांतच पाय लटपटले, छाती भात्यासारखी चालू लागली. ते मटकन पायरीवर बसले. मागून भाई आणि सगळा गाव येत होता.

“सुभद्रा, हात दी गो!”

ती दोन पायऱ्या वर थांबली.

“दुसरी येतली मां, अप्पांनू? ती येयपर्यंत हयसरच बसा.”

मग ती पुढे निघाली. पायडल मारून मारून घट्ट झालेल्या पायांनी सगळ्या पायऱ्या एका दमात चढली. वर पोचल्यावरही तिला धाप लागली नव्हती. माहेरची वाट डावीकडे फुटत होती, ती तिकडे वळली.