दुप्पट मसाला

डोंबिवली पूर्वेच्या एका क्लासच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी चाळीसेक फ्रीलान्सर जमले होते आणि छोट्या धंद्यांची ऑनलाइन जाहिरात सांभाळणारा सुश्रुत त्यांना शहाणपण शिकवत होता. शिकवायला त्याला आवडायचंच, त्यात समोरची मंडळी सगळी पोळलेली. कुणी लोगो करणारी, कुणी भाषांतरं करणारा, कुणी लग्नाचे व्हिडिओ जोडणारा. काम झालं की गिऱ्हाईक गायब, हे सगळ्यांचं एकच रडगाणं.

"सुट्या कामांच्या मागे किती दिवस धावणार?" सुश्रुत म्हणाला. "रिटेनर करा. दर महिन्याला ठरलेलं काम, ठरलेले पैसे, वर्षाचा करार. काय करणार आणि काय नाही, ते स्पष्ट लिहा. महिन्याचा रिपोर्ट द्या. आणि मुख्य म्हणजे महिन्यातून एकदा समोरासमोर बसा. क्लायंट टिकतो तो त्या बसण्यामुळे."

मग त्याने आपलं हुकमी उदाहरण काढलं. ठाण्याला टेंभी नाक्यामागच्या गल्लीत राहणाऱ्या सेसिलिया आंटी. वय सत्तरच्या पुढे. मुंबई-ठाण्याकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत वर्षाचा बॉटल मसाला करून ठेवतात, तो त्या करतात आणि विकतात. दोन वर्षांपूर्वी सुश्रुतने सगळ्या गिऱ्हाइकांना रिटेनरबद्दल विचारलं, तेव्हा एकट्या आंटी हो म्हणाल्या होत्या. पोस्ट, वेबसाइट, रिपोर्ट, सगळी कलमं चष्मा लावून वाचली आणि स्वतःचं एक कलम घातलं: पहिल्या मंगळवारी घरी यायचं, जेवायचं आणि लोक मसाल्याबद्दल काय म्हणतात ते तोंडाने सांगायचं.

हॉलमध्ये हशा पिकला, टाळ्याही पडल्या. पहिल्या रांगेतल्या पायल नावाच्या मुलीने हात वर केला. "सर, अजूनही जाता दर मंगळवारी?"

"पहिल्या मंगळवारी," सुश्रुतने दुरुस्ती केली. "अर्थात जातो."

साफ खोटं. दिवाळीनंतर तो एकदाही गेला नव्हता.

आता सुश्रुतची बाजू घ्यायचीच म्हटली तर एवढंच सांगता येईल, की तो काही लबाड माणूस नव्हता. सुरुवातीचे सगळे मंगळवार त्याने नेमाने पाळले होते. आंटींच्या हातचं सुकं मटण खाल्लं, ऑर्डरी देणाऱ्यांची पत्रं वाचून दाखवली, नालासोपाऱ्याच्या बाई दर वेळी दोनच बाटल्या का मागवतात यावर दोघांनी तासभर काथ्याकूट केला. पण आंटींचं उदाहरण सांगून सांगून त्याला आणखी आठ रिटेनर मिळाले, आणि आठ रिटेनर सांभाळायचे म्हणजे कुठेतरी हात आखडता घ्यावा लागणार. माणूस तो कुठे घेतो? जिथे कुणी ओरडणार नाही तिथे. आंटी कधीच ओरडत नसत. पैसे एक तारखेला यायचे, बरोबर एक आशीर्वाद असायचा.

रिपोर्टचं तर त्याने यंत्रच करून टाकलं होतं. आधीच्या महिन्याचा उघडायचा, महिन्याचं नाव बदलायचं, आकडे थोडे इकडेतिकडे करायचे, पाठवायचा. याची त्याला लाज वाटायची का? वाटायची, पण रात्री दात घासायचे राहिले तर जेवढी वाटते तेवढीच.

मेच्या शेवटी करार संपत होता. म्हणून सोमवारी तो नव्या कराराच्या दोन प्रती घेऊन स्कूटरवरून निघाला. या वेळी रक्कम थोडी वाढवली होती. कळव्याच्या पुलावर अडकलेला असताना त्याने न येण्याची कारणंही जुळवून ठेवली: आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, घराचं रंगकाम. दोन्ही खरीच होती, फक्त त्यांना मिळून तीन आठवडेच लागले होते.

दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि मसाल्याच्या वासाने त्याला ठसका लागला. बैठकीच्या खोलीत भिंतीलगत, टीव्हीखाली, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर गडद तपकिरी बाटल्या उभ्या होत्या. आतल्या खोलीतही. ती कॅनडाला गेलेल्या मुलीची खोली. तिथल्या पलंगावर चादर अंथरून बाटल्या ठेवल्या होत्या.

"अरे सुश्रुत, ये ये. किती दिवसांनी आलास," आंटी म्हणाल्या. बऱ्याच बारीक झाल्या होत्या. "आई बरी आहे ना?"

कारण सांगायच्या आधीच त्यांनी ते विचारून टाकलं.

मागच्या अंगणात एक बाई उखळी धुऊन उन्हात पालथी घालत होती. कळव्याची ठमाबाई. दर उन्हाळ्यात दोन बायका घेऊन येते, मिरच्या सुकवते, पंचवीस-तीस जिन्नस भाजते, कुटते. हा मसाला वर्षातून एकदाच होतो. पाऊस आला की संपलं. तिने वाकून सुश्रुतकडे पाहिलं.

"ह्योच का गं तुझा कंप्युटरवाला?" ठमाबाईने विचारलं. "याच्या पायी हात सोलून निघाले आमचे." आणि हसत हसत ती पुन्हा नळाकडे गेली.

सुश्रुतही हसला. का हसतोय ते त्याला कळलं नव्हतं.

"दर वर्षापेक्षा जास्त दिसतोय," तो म्हणाला.

"डबल!" आंटींचा चेहरा फुलला. "माझ्या क्लेटनने आठ दिवस रजा टाकली माझ्यासाठी. मी मनाशी म्हटलं, सुश्रुतने लिहून दिलंय म्हणजे बघूनच लिहिलं असणार." त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. त्याचे सगळे रिपोर्ट छापून, भोकं पाडून, महिन्यांच्या क्रमाने लावलेले. फेब्रुवारीच्या रिपोर्टातल्या एका वाक्याखाली पेन्सिलने दोनदा रेघ मारली होती: मागणी सातत्याने वाढत आहे, येत्या हंगामात उत्पादन दुप्पट करायला हरकत नाही.

सुश्रुतने ते वाक्य वाचलं. वाक्य त्याचंच होतं, पण कल्याणच्या दिपेशच्या कैरीच्या लोणच्यासाठी लिहिलेलं. फेब्रुवारीत एकाच बैठकीत नऊ रिपोर्ट उरकताना ते इथे येऊन चिकटलं होतं. त्याने पाठवण्याआधी वाचलंच नव्हतं, आणि आंटींनी ते दोन रेघा मारून वाचलं होतं.

गप्प बसता आलं असतं. जाहिरात वाढवू, काहीतरी खपेल, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. तो विचार त्याच्या मनात आला हेही इथे सांगायला हवं, आणि चांगला मिनिटभर राहिला.

"आंटी, हे तुमच्यासाठी नव्हतं," शेवटी तो म्हणाला.

"म्हणजे?"

"दुसऱ्या क्लायंटचं वाक्य आहे. कल्याणच्या लोणच्याचं. चुकून तुमच्यात राहिलं."

आंटींनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "पण मागणी वाढलीय ना?"

"मला माहीत नाही." त्याचा आवाज इतका खाली गेला की त्याला पुन्हा म्हणावं लागलं. "मी बघितलंच नाही आंटी. दिवाळीपासून."

"असं कसं? मी तुला विचारलेलं. मेसेज केलेला. तू अंगठा दिलेलास."

त्याने फोन काढला. मार्चमध्ये मागे जाऊन शोधावंही लागलं नाही, इतकं थोडं बोलणं झालं होतं त्यांचं. आंटींच्या आवाजातला निरोप होता, दोन मिनिटांचा, न ऐकलेला. त्याच्याखाली त्याने दिलेला पिवळा अंगठा. आंटी बघत होत्या म्हणून त्याने निरोप लावला.

"सुश्रुत, आंटी बोलते," फोनमधून आवाज आला. "ठमाबाई बसलीय माझ्यापुढे. दुसरी घरं सोडून यायला तयार आहे, पण आजच सांगावं लागेल. मी घाबरते रे थोडी. क्लेटन नको म्हणतो. डबल करू ना? तू म्हणशील तसं करते. आणि एकदा येऊन जा, तुझ्यासाठी—"

पुढे काय होतं ते त्याने ऐकलं नाही, निरोप बंद केला. कान तापले होते. जमिनीत गडप व्हावं असं लोक नुसतं म्हणतात. त्याला त्या क्षणी खरोखर जागा दिसली असती तर तो गेला असता. आंटी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आंटींनी तो कागद फाइलमध्ये परत सरळ लावला, फाइल मिटली आणि मांडीवर धरून बसल्या.

"मी विकून देतो," सुश्रुत म्हणाला. "पैसे नको मला. सगळा विकून होईपर्यंत—"

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली आणि क्लेटन आत आला. आंटींचा मुलगा, चाळिशीचा, हातात माशांची पिशवी. "अरे, सुश्रुत! बरं झालं आलात. आता हे सगळं कुठे खपणार ते तुम्हीच सांगा मम्मीला. ही तर तुमच्या भरवशावर आहे."

सुश्रुतने तोंड उघडलं. "क्लेटन, ते माझ्या रिपोर्टमध्ये—"

"त्याने नको म्हटलेलं," आंटी म्हणाल्या.

दोघेही त्यांच्याकडे बघत राहिले.

"सांगत होता तो, एवढा नका करू, थोडा वाढवा. मीच ऐकलं नाही. हौस आली मला," आंटी मुलाला म्हणाल्या. "आता बडबड नको करू. मासे आत ठेव."

क्लेटन मान हलवत स्वयंपाकघरात गेला. सुश्रुत पुढे सरकला. "आंटी, असं का सांगितलं? मी सांगतो ना त्याला खरं."

"नको." पहिल्यांदाच त्यांचा आवाज कडक झाला. "दोन वर्षं मी तुझ्यावरून त्याच्याशी भांडतेय. हा मुलगा माझं काम स्वतःचं समजून करतो, म्हणून चर्चच्या पॅरिशमध्ये सगळ्यांना सांगितलंय. आता या वयात त्याच्यासमोर मला मूर्ख नको ठरवू. हट्टी म्हणू दे. हट्टी चालेल."

सुश्रुतला वाटलं होतं, खरं बोललं की निदान मोकळं तरी वाटेल. तेवढंही त्याच्या हातात उरलं नव्हतं. खरं बोलला तर आंटींना मुलासमोर खाली बघावं लागणार, गप्प राहिला तर त्यांनी त्याचा दोष पदरात घेतलेलाच. त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी स्वतःची शरम वाटली.

क्लेटन हात पुसत बाहेर आला. सुश्रुतच्या बॅगेतून डोकावणारे कागद त्याला दिसले. "नवीन करार ना? मम्मी वाटच बघत होती."

"दे," आंटींनी हात पुढे केला.

"आज राहू दे आंटी," सुश्रुत म्हणाला. "नंतर बघू."

"दे म्हटलं ना."

त्याने दिला. वाढवलेली रक्कम पहिल्याच पानावर ठळक अक्षरात होती. ती पाहून आंटी क्षणभर थांबल्या. दोन्ही प्रतींवर त्यांनी सावकाश, शाळेतल्यासारख्या वळणदार अक्षरात सही केली. मग पेन सुश्रुतकडे दिलं. क्लेटन समोर उभा होता. सुश्रुतने सही केली. ती त्याला स्वतःची वाटत नव्हती.

"तुम्हाला एक सांगायचं राहिलेलं," क्लेटन म्हणाला. "मी मम्मीला सारखं म्हणायचो, हे लोक एकदा सही झाली की तोंड दाखवत नाहीत. खूप बोललोय मी तुमच्याबद्दल, पाठीमागे. आणि तुम्ही तिला चक्क नको म्हणून सांगितलंत. धंदा वाढवू नका असं कोण सांगतं आजकाल? सॉरी हां. मी चुकलेलो."

त्याने हात पुढे केला. आंटी फाइल घेऊन कपाटाकडे वळल्या होत्या. त्यांची पाठ तेवढी दिसत होती.

"असू दे," सुश्रुत म्हणाला, आणि त्याने तो हात हातात घेतला.