चेनवाल्याची दोन रिळं

"रामनाथकाका, ते म्हाताऱ्याचं लव्ह उडवा हो! पब्लिक शिट्ट्या मारतंय," भूपेश मॅनेजरने सिनेमा लागल्याच्या पहिल्याच दिवशी फर्मावलं होतं. विरारच्या त्या जुन्या थिएटरात तीस वर्षं मशीन चालवणाऱ्या रामनाथने मान डोलावली आणि दोन रिळं काढून बाजूला ठेवली. मान डोलावणं त्याच्या अंगवळणीच पडलेलं.

सिनेमात प्रेमं दोन. आजची जोडी मोबाइलवर जुळायची, मोबाइलवर तुटायची आणि इंटरव्हलनंतर पुन्हा जुळायची. त्यातल्या पोराला एक म्हातारा आपली गोष्ट सांगायचा. तरुणपणी रोज एका मुलीच्या दारापुढे सायकलची धडधाकट चेन मुद्दाम पाडायची, पुन्हा बसवायची आणि काळे हात घेऊन परत जायचं. लोकांना जोडी हवी होती, हा चेनवाला नको होता.

मंगळवारी तीनच्या शोला कमळी आली, सुनेबरोबर. केस पिकले होते, पण चाल तीच, समोरच्याने निमूट वाट द्यावी अशी.

"कोन, रामनाथ ना रे? तू चालवतोस होय पिक्चर? नीट चालव हां, बोळिंजवरनं आलेय मी."

लग्नाआधी वटार गावात असताना, स्वतःच्या विहिरीला गोड पाणी असूनही, रामनाथ रोज सकाळी कमळीच्या वाडीत पाणी प्यायला थांबायचा. तिने लोटा द्यायचा, याने घटाघटा प्यायचं, 'बरं' म्हणायचं आणि सायकलवर टांग मारायची. चार वर्षं हा गडी नुसतं पाणीच पीत राहिला. मग कमळीचं बोळिंजला जमलं आणि तिच्या लग्नाच्या पंगतीत याने कंबर कसून वाढप केलं. पुढे त्याचाही संसार झाला. बायको भली होती, ती जाऊन सहा वर्षं झाली. पण सांगायचं राहिलं ते राहिलंच. आता पडद्यानेच सांगावं म्हणून त्याने दोन्ही रिळं परत लावली.

चेनवाला पडद्यावर आला तशी भूपेशने मशीनच्या खोलीच्या दारावर थाप मारली. "काका, डोकं फिरलंय का? सहाचा शो लटकणार! असंच करायचं तर उद्यापासून येऊ नका!"

"नाय येत," रामनाथ आतून म्हणाला. त्याने कडी काढली नाही.

झरोक्यातून त्याला तिसऱ्या रांगेतला तिचा अंबाडा तेवढा दिसत होता. कुणीतरी ओरडलं, "अबे, बोल ना यार!" आणि सगळं थिएटर हसलं. अंबाडा हलला नाही.

शो सुटल्यावर सून रिक्षा बघायला पुढे गेली. कमळी जिन्यापाशी थांबली होती.

"आवडला?" रामनाथने विचारलं.

"आजची पोरं बरी बाबा. भांडतात, सोडतात, पन बोलतात तरी." तिने पदर सावरला. "तो चेनवाला रोज दारात येतो नि गप्प जातो. पोरीनं काय समजायचं? तिचं उत्तर तयार असतं रे. पन कोनी विचाराय तर हवं ना?"

रामनाथने मान डोलावली.

"आई, बसा चला," सुनेने हाक मारली. कमळी एक पाय रिक्षात ठेवून उभी राहिली. रिक्षावाल्याने हॉर्न दिला तरी ती बसेना. ती रामनाथकडे बघत होती.

"सावकाश जा," रामनाथ म्हणाला.

"बरं," कमळी म्हणाली आणि आत बसली.