म्हशीचं औषध

त्या गुरुवारी मल्लप्पांनी भाकरी खाल्ली, चादरीच्या कारखान्यातल्या जुन्या मुकादमाला दोन शिव्या हासडल्या आणि अजगराला कोमट पाण्याच्या टबात बसवलं. घरात कुणाला त्याचं नवल उरलं नव्हतं. आफ्रिकेकडचा, दोन हात लांबीचा, बुजरा जीव. थोरल्या इंद्रजीतनं मोबाइलवर व्हिडिओ टाकायला तो रीतसर नोंदणी करून आणला आणि बघणारे आटल्यावर भवानी पेठेत बापाकडे आणून टाकला. मल्लप्पांनी त्याचं नाव बाळ्या ठेवलं.

पाण्यावर काळे ठिपके तरंगू लागले. धाकट्या मनालीनं भिंग लावून पाहिलं.

"माइट आहेत, आप्पा. गोचिडाचीच जात, पण बारीक. रक्त पितात. सोमवारी डॉक्टरांना दाखवू. तोवर रोज ह्याची पेटी धुऊ."

मल्लप्पांना पटलं. पण शुक्रवारी सकाळी इंद्रजीत उगवला. मोटारीचा क्लच, मूळव्याध, शेअर बाजार, कशातही त्याचा सल्ला तयार असे. हातात गोचिडाच्या औषधाची बाटली होती.

"म्हशीला चालतंय, मग ह्याला न चालायला काय धाड भरली?"

"म्हशीलाही पाणी घालूनच लावतात, अण्णा. आणि साप आत असताना पेटीत फवारायचं नसतं."

"लई वाचतीस बाई तू. बरं, न्हाई मारत."

ती शाळेत शिकवायला गेली. पुढचं तिला चंद्रव्वा आत्याकडून कळलं. इंद्रजीतनं बाटली तशीच, पाण्याचा थेंब न घालता, बाळ्या आत असतानाच पेटीत ओतली. ढेकणांना मारताना खोली कोंडतात, तशी पेटी दोन चादरींत गुंडाळली, खिडक्या लावल्या, आणि "दुपारपर्यंत कुणी उघडायचं न्हाय" असा हुकूम सोडून नव्या पेठेत चहाला गेला.

पेटीत धडपड ऐकू आली. कापसाच्या धुळीनं आधीच दमेकरी झालेले मल्लप्पा चादरी सोडून आत वाकले, बाळ्याला मांडीवर घेऊन त्याच कोंडलेल्या खोलीत पुसत बसले. त्यांना दवाखान्यात नेलं, तिथं डॉक्टर म्हणाले, औषधाच्या वाफेनं छाती आवळली. संध्याकाळी मल्लप्पा गेले. बाळ्या वाचला, फक्त मान सरळ होईना.

तिसऱ्या दिवशी भेटायला आलेली मंडळी सतरंजीवर बसली होती. आत्या डोळे पुसत म्हणाली, "साप घरात ठेवला की असंच हुतंय. कोपला त्यो."

मनालीनं इंद्रजीतकडे पाहिलं. आता तरी बोलेल, असं तिला वाटलं.

"व्हय की," इंद्रजीत गंभीरपणे म्हणाला. "मी पहिल्यापासनं सांगत हुतो. आज सोडून येतो त्याला श्रीपूरकडं उसात."

थोरला आहे, म्हणून आजवर त्याला कुणी काही बोललं नव्हतं. आई होती तोवर आईनं बोलू दिलं नव्हतं. मनाली उठली, पेटीसमोर जाऊन उभी राहिली.

"बाळ्या कुठंही जाणार नाही. साप कोपला नव्हता, बाटली तू ओतलीस." तिचा आवाज चढला नाही. "अण्णा, तू मूर्ख आहेस. आप्पांनाही ते ठाऊक होतं."