चॅम्पियनच्या पुढचे पाय

माझा दादा डोंगरातल्या सायकल शर्यतींचा चॅम्पियन आहे. हे मी सांगायची गरज नाही, तो स्वतःच सांगतो. आमच्या बैठकीच्या खोलीत त्याच्या चषकांचं कपाट आहे, आणि पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी त्या कपाटाचं दर्शन घडतं. खोटं कशाला बोलू, सायकल त्याला येते. दगडगोट्यांच्या उतारावर तो असा सुटतो की बघणारेच डोळे मिटून घेतात. तेवढ्यावर थांबला असता तर मीही त्याचं कौतुक केलं असतं.

पण डोक्यात हवा गेली. त्याला सायकली पुरवणारे कंपनीवाले म्हणाले, आता ट्रायथलॉन करा. आधी तळ्यात पोहायचं, मग डोंगरात सायकल, मग रानवाटेनं धावायचं. हा म्हणाला, त्यात काय! त्यात काय ते पहिल्याच शर्यतीत कळलं. नाकातोंडात पाणी गेलं, आणि हा खोकत खोकत सायकलीपाशी पोचला तेव्हा बाकीचे पहिला डोंगर उतरत होते.

घरात पोहणारी मी एकटी. त्याच्या कोचनी तोडगा काढला. पुढच्याच्या पायांना लागून पोहलं की मागच्याचे कष्ट वाचतात, आणि ते नियमातही बसतं. मग ठरलं की मी दर शर्यतीत नाव घालायचं, दादाला झेपेल इतक्याच वेगानं त्याच्या पुढे पोहायचं, आणि तो काठाला लागला की माझं काम संपलं, शर्यत सोडून द्यायची. मला कुणी विचारलं नाही. आयत्या बिळावर नागोबा बसतो, तेव्हा बीळ खणणाऱ्याला कोण विचारतं?

झालं, दादा जिंकत सुटला. 'पाणी असो की डोंगर, वाघ तो वाघच,' असं छापून आलं. वाघ कंपन्यांतून भाषणं देऊ लागला, विषय काय, तर 'मी पाण्याची भीती कशी जिंकली'. आणि मी? दर वेळी कर्ण्यावरून माझ्या नावापुढे एकच वाक्य, स्पर्धा अर्धवट सोडली. आत्या एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "हिला लहानपणापासून एक काम धड तडीला नेता येत नाही." सगळं माहीत असलेले बाबा चहा ढवळत म्हणाले, "असतो एकेकाचा स्वभाव." तो चहा मला अजून कडू लागतो.

यंदा जलतरण तलावावर मुलांना शिकवायची जागा निघाली. ती मला किती वर्षांपासून हवी होती. तिथल्या व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "पोहणं सुरेखच आहे तुमचं. पण आईबापांना काय सांगू? एकही शर्यत पुरी नाही. एक पुरी करून या, तुकडी तुमची."

शर्यतीच्या सकाळी गाडीतून सायकली उतरवताना मी सांगून टाकलं, "आज मी शेवटपर्यंत जाणार आहे."

"जा की," बाबा म्हणाले. "आधी दादाला पाण्याबाहेर काढ, मग काय हवं ते कर."

"ते जमायचं नाही. माझ्याकडे त्याची टाकून दिलेली सायकल. ठरल्या वेळेत डोंगर उतरला नाही तर बाद करतात. मला पाण्यातच वेळ वाचवावा लागणार. दादा, मी माझ्या वेगानं पोहणार. तू मधे मधे डोकं वर काढून वाट दाखवणारा केशरी फुगा बघत ये."

दादा हसला. "छोटे, तू पुढे असताना मी कशाला डोकं वर काढू?"

भोंगा झाला आणि मी निघाले. पहिल्यांदाच पाण्यात पुरा हात मारला. मागे कुणाचं ओझं नव्हतं, आणि मला इतका आनंद झाला की आपण शर्यतीत आहोत हेही मी क्षणभर विसरले.

मागे काय झालं ते बचाव नावेवरच्या नावाड्यानं नंतर हसत हसत सांगितलं. टोप्या सगळ्यांच्या एकाच रंगाच्या. मी दिसेनाशी झाल्यावर वाघानं समोर आले ते पाय धरले आणि मान खाली घालून त्यांच्या मागे निघाला. ते पाय एका बिचाऱ्या दंतवैद्याचे होते. त्याला पेटका आला होता आणि तो शर्यत सोडून नावेकडे चालला होता. दंतवैद्य नावेत चढला. मागोमाग वाघाचं डोकं नावेवर आपटलं. इकडेतिकडे पाहिलं तर फुगा कुठेच नाही. घाबरून तोही नावेत चढला, आणि नावेत चढला तो बाद.

मी ती जुनी सायकल निम्म्या चढावर ढकलत नेली. दोनदा पडले, गुडघा फुटला, पण ठरल्या वेळेच्या आत डोंगर उतरले. रानवाटेवर धावले कमी, चालले जास्त. शेवटच्या कमानीखालून गेले तेव्हा माणसं खुर्च्या गोळा करत होती आणि निवेदकानं सवयीनं माझं नाव अर्धवटवाल्यांत वाचूनही टाकलं होतं. मी त्याच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. "पुन्हा वाचा."

त्यानं घड्याळवाल्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि कर्ण्यावरून सांगितलं, "स्पर्धा पूर्ण." मला रडू आलं आणि मी ते पुसलंही नाही.

गाडीपाशी दादा ब्लँकेट गुंडाळून बसला होता. कपाळावर टेंगूळ.

"मला वाटलं, तूच आहेस," तो म्हणाला.

"इतकी वर्षं माझ्या पायांमागे पोहलास, ते ओळखताही येत नाहीत?"

बाबा मधे पडले. "पुरे आता. झाली ना तुझी हौस? पुढच्या शर्यतीला दादाचं काय करायचं ते बोल."

"सोमवारी तलावावर पाठवा," मी म्हणाले. "लहान मुलांची तुकडी आहे माझी. घेईन सामावून."