चिकटलेली दोन पानं

सगुणाबाईंनी पदराखालून कादंबरी काढली आणि रामकिसन मास्तरांच्या पुढ्यात उघडून ठेवली. सुरुवातीची दोन पानं दमट होऊन वाकडी झाली होती.

"ही चिकटली व्हती, मास्तर. वरणाच्या वाफेवर धरून हळूहळू सोडवली. बिलकुल फाटली न्हाईत."

ती पानं चिकटली नव्हती, चिकटवली होती. पुस्तक सगुणाबाईंना द्यायच्या आदल्या दिवशी, कणकेची खळ शिजवून, मास्तरांनी स्वतःच.

निजामाच्या राज्यात परतूरला मराठी वाचनालय चालवायचं म्हणजे आधी इजाजत, मग कपाट, मग पुस्तकं आणि सगळ्यांत शेवटी वाचक. वाचक मिळेनात म्हणून मास्तरांनी बायकांसाठी दुपारचा अक्षरवर्ग काढला. पहिल्या दिवशी चाळिशीच्या सगुणाबाई उंबऱ्यातच थबकल्या होत्या. हे काय शिकायचं वय आहे का, म्हणाल्या. मास्तरांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी हीच कादंबरी वर धरली आणि ठोकून दिलं, "हे एवढे मोठे लेखक, पण चाळीस वर्षांचे होईपर्यंत त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं."

सगुणाबाई आत येऊन बसल्या. पुढची दोन वर्षं जोडाक्षरापाशी अडल्या की त्या कपाटातल्या त्या पुस्तकाकडे बघायच्या आणि पुन्हा पाटीवर वाकायच्या. मास्तरांना ते दिसायचं. ते खडू शोधायला लागायचे.

"कादंबरी कशी वाटली?" त्यांनी आता भलतंच विचारलं.

"लई गोड. दोनदा भाकरी करपल्या. मालक म्हन्ले, एकटीच काय हसून राह्यली? संपली तवा करमंना, मंग ही पानं सोडवली. तुम्हीच म्हन्ले व्हते, एक बी अक्षर सोडायचं न्हाई."

त्यांनी लेखकाच्या परिचयातल्या ओळीवर बोट ठेवलं आणि कुठंही न अडखळता वाचलं, "विद्वानांच्या घराण्यात जन्म. वयाच्या पाचव्या वर्षी वडिलांनी मुळाक्षरे गिरवून घेतली."

बोट तिथंच थांबलं.

मास्तरांनी मान खाली घातली. खोटं बोलल्याची लाज होतीच. पण जिला अक्षर न् अक्षर वाचायला शिकवलं, तिच्यापासूनच अक्षरं लपवली, याची त्यांना त्याहून जास्त लाज वाटली.

"सगुणाबाई, मी..."

"ऱ्हाऊ द्या. एकीला घेऊन आले मी." त्यांनी दाराकडे वळून हाक मारली, "गोजरबाई, या ना आत!"

शेजारच्या गोजरबाई दारातूनच डोकावल्या. कपाळावरचे केस पार पांढरे.

"मी हितंच बरी. आता मसनात जायच्या वयाला काय येतंय मला?"

दोन वर्षांपूर्वीचं ते वाक्य मास्तरांच्या ओठांवर आयतं आलं. त्यांनी ते गिळलं.

"सांगा की मास्तर," सगुणाबाई म्हणाल्या.

मास्तरांनी दचकून वर पाहिलं. "काय सांगू?"

"माझं सांगा. चाळिशीत शिकली म्हणून." त्यांनी एक कोरी पाटी उचलून पदरानं पुसली. "ते तर खरं हाय."

मास्तरांनी सांगितलं. सांगताना ते गोजरबाईंकडेच बघत राहिले. सगुणाबाईंकडे बघायचं त्यांना धाडस झालं नाही.