मास्तर गप्प बसला तो दिवस

"अरे, बोल ना रे मास्तर!" मी पुन्हा ओरडलो. पुढून आली ती नुसती त्याच्या सायकलच्या मागच्या चाकाची टिकटिक.

मास्तर म्हणजे शाळेत पोरांना कवायत शिकवणारा आमचा दोस्त. त्याच्यामागे मी, धंद्याने शिंपी, म्हणून यांच्या तोंडी 'टाका'. माझ्यामागे औषधाच्या दुकानातला डोस. दरवर्षी आम्ही तिघं आठवडाभर सायकली घेऊन निघतो आणि आठवडाभर एकमेकांची सालटी काढतो. मास्तर पुढे असतो, आणि त्याची जीभ त्याच्याही पुढे. रस्त्यात काय आहे ते तो मागच्यांना ओरडून सांगतो, पण सरळ सांगेल तर शपथ! "टाक्या, डावीकडे खड्डा, तुझ्या पोटाच्या मापाचा!" "उजवीकडे म्हैस उभी आहे, डोस, ओळख दाखव!"

यंदा मी त्या बडबडीवरच सायकल चालवत होतो. माझ्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसतं, झाडं, कुंपण, रस्त्याची पांढरी पट्टी. समोर बघायला गेलो की मळकट धुकं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलं ते परत येणार नाही आणि उरलंय तेही जाईल. दुकानात सुईत दोरा बायको ओवते, कापडावर खडूच्या रेघाही तीच मारते. तिच्याशिवाय कोणाला पत्ता नाही. ती जाऊ नका म्हणून रडली. मी म्हटलं, एवढी एक सफर, समुद्रापर्यंत, मग सायकलला हात लावणार नाही.

या दोघांना कळलं असतं तर त्यांनी मला टेम्पोत घालून घरी पाठवलं असतं. एक वेळ तेही चाललं असतं. पण मग ते माझ्याशी चांगलं वागायला लागले असते, आणि नेमकं तेच मला नको होतं. मला शेवटपर्यंत त्यांच्या शिव्या खायच्या होत्या.

घोळ झाला आदल्या संध्याकाळी. पेट्रोल पंपाच्या वर एक खोली मिळाली होती, तीन पलंग आणि एक बारका दिवा. मास्तरची चड्डी नको तिथे उसवली होती. "घरचा शिंपी असताना कशाला काळजी," म्हणत त्याने ती माझ्या मांडीवर टाकली. डोसने आपल्या पेटीतून सुईदोरा काढून दिला. मी दोरा ओला केला, सुई दिव्याकडे धरली आणि ओवत बसलो. बोटं ओळखीची, सुई ओळखीची, पण भोक काही सापडेना.

"काय रे, दोरा ओवतोयस की दोरखंड?" डोस म्हणाला.

"दुकान वहिनीच चालवते," मास्तर पलंगावर लोळत म्हणाला. "हा नुसता गळ्यात टेप घालून मिरवतो!"

वर्मी लागलं. मी चड्डी त्याच्या तोंडावर फेकली. "थोबाडं बंद करा! उद्या दिवसभर एक शब्द जरी ऐकू आला ना, तर याद राखा!"

सकाळी उठलो तर दोघं मुके. चहा मागवला तोही खुणेने. खोलीच्या मालकीणबाई हसत म्हणाल्या, "तुमच्या मित्रांची पैज लागलीये. आधी बोलेल तो तिघांचे घामट कपडे धुणार."  मी माफी मागितली, अगदी हात जोडून. त्यांना वाटलं, डाव आहे. शेवटी म्हटलं, मास्तर गप्प बसून बसणार किती? तासाभरात फुटेल.

मेला फुटला नाही! सपाट रस्त्यावर मी पांढरी पट्टी डोळ्याच्या कोपऱ्यात धरून कसाबसा चाललो. मग उतार लागला, दाट झाडी आली, आणि त्या सावलीत पट्टीच दिसेनाशी झाली. उरली ती टिकटिक. मी तिच्यामागे जात राहिलो. हातांना असा घाम सुटला की मूठ घसरायला लागली.

मी त्यांना डिवचायला लागलो. "मास्तर, पोरं तुला मागे काय म्हणतात सांगू?" टिकटिक. "डोस, लग्नात नवरीपेक्षा तू जास्त रडलास!" मागून नाकातल्या नाकात दाबलेलं हसू. सगळं सांगून झालं, आईवरून शिव्या देऊन झाल्या. शेवटी माझाच धीर सुटला.

"मला दिसत नाहीये रे! देवाशप्पथ, समोरचं काही दिसत नाहीये!"

डोसला हसू आवरेना, त्याचा ठसका मला ऐकू आला. पुढची टिकटिक वाढली. माझी थाप ओळखली हे दाखवायला मास्तरने वेग घेतला होता. मग ती टिकटिक एकदम डावीकडे सरकली, आणि मी सरळ गेलो.

ब्रेक दाबले तेव्हा चाकाखाली खडी होती. मी दगडी कठड्यावर आदळलो. कठड्यापलीकडे काय होतं ते मला दिसलं नाही, पण तिथून वर येणारा गार वारा तोंडाला लागला.

"अरे गाढवा, सरळ कुठे चाललास?" डोस धावत आला. पैज तो हरला होता, पण कोणी त्याला तसं म्हणालं नाही. त्याने माझं कोपर बांधलं आणि पाण्याची बाटली समोर धरली. "घे." मी हात पुढे केला तो बाटलीच्या बाजूला गेला. पुन्हा केला, पुन्हा तिथेच. मग कोणीतरी माझं मनगट धरून बाटली हातात दिली.

"खरंच की काय रे?" मास्तर म्हणाला. मी मान हलवली.

उरलेला उतार आम्ही चालत उतरलो. पुढे डोस दोन सायकली ढकलत होता. मास्तरच्या एका हातात त्याची सायकल आणि दुसऱ्या हातात माझा दंड, बायको रस्ता ओलांडताना धरते तसा. 

"बोल की रे काहीतरी," मी म्हटलं. "चड्डी अजून उसवलेलीच आहे तुझी. हवा छान लागत असेल."

तो हसला नाही. मी परत म्हटलं, "मास्तर, पाया पडतो तुझ्या, बोल."

"डावीकडे खड्डा आहे," तो म्हणाला.

मी थांबलो. माझ्या पोटाचं, टकलाचं, कशाचं तरी माप येईल म्हणून वाट बघत राहिलो.

"जपून," तो म्हणाला.