तिकीट पनवेलपर्यंतचं

“गाडी तुमची, उशीर तुमचा, मंग चुकलेली होडी कोनाची?” सासूबाईंनी चौकशीच्या खिडकीशी वाकून विचारलं.

आतल्या माणसाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मदतीसाठी माझ्याकडे. मी कशाला मदत करू? पुण्याहून निघालेली आमची गाडी घाटात नुसती उभी राहिली होती, आणि का उभी आहे ते सांगायला चिटपाखरूही डब्यात फिरकलं नव्हतं.

“आजी, तुमचं तिकीट पनवेलपर्यंतचं. पनवेलला पोचलात ना?”

“पोचलो. होडी गेल्यावर पोचलो.”

सासूबाईंचं नाव गोदू. आमच्या आगरी लोकांत हळदीला भटजी नाही, धवलारीण लागते. ती धवले म्हणजे विधीची गाणी गात सगळं चालवते. हळद लावण्याआधी घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन ती बोलावते, आणि नाव घेतलं की ते माणूस मांडवात येतं. हसायचं तर हसा, आम्ही मानतो. सासूबाईंनी पनवेल-उरणच्या अर्ध्या पोरी धवले गाऊन सासरी धाडल्या आहेत.

त्या संध्याकाळी घारापुरी बेटावर रुचिराची हळद होती. रुचिरा म्हणजे सासूबाईंच्या बालमैत्रिणीची, सोनाबाईची नात. सोनाबाईंचा नवरा तुळशीराम गेल्या वर्षी गेला. नातीची हळद बघायची म्हणून बिचारा जीव धरून होता, पण नाही जमलं. त्याला मी बोलवीन, असा शब्द सासूबाईंनी सोनाबाईंना दिला होता.

आणि सोमवारी पुण्याला सासूबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन. सकाळी तपासताना डॉक्टर स्पष्टच म्हणाले होते, गाठ निघेल, आवाजाची खात्री देत नाही. आजच दाखल व्हा म्हणाले, तर सासूबाईंनी हात जोडले. “एक हळद हाय. ती करून येते, मंग कापा काय कापायचं ते.”

मोरा बंदरातून बेटावर जाणारी शेवटची होडी ओहोटी लागायच्या आत सुटते. नंतर धक्क्याशी नुसता गाळ. सोनाबाईंच्या मुलाने, परेशने, होडीवाल्याच्या हातापाया पडून त्याला थांबवून धरलं होतं. पण पाणी कुणाच्या बापासाठी थांबत नाही. आम्ही पनवेलला उतरलो तेव्हा परेशचा फोन आला, होडी सुटली.

माझं डोकं फिरलं होतं. मी द्रोणागिरीला गोदामात काम करते. खिडकीतल्या माणसाला म्हटलं, “आमच्याकडे प्लास्टिकच्या बादल्या उशिरा पोचल्या तरी कोणीतरी दंड भरतं. माणसाचं काय?”

“मॅडम, गाडी तीन तासांहून जास्त लेट असती आणि तुम्ही चढलाच नसतात, तर रिफंड होता.”

“म्हणजे आलो हेच चुकलं?”

तो माणूस वाईट नव्हता. पुढची गाडी चुकली असती तर काहीतरी बघितलं असतं, म्हणाला. होडीचं त्याच्याकडे काहीच नव्हतं.

आमच्याच डब्यातून आलेल्या खारघरच्या अरुंधतीबाई मागे उभ्या होत्या. त्या वकिली करतात. “ग्राहक आयोगात जा. उशीर का झाला ते त्यांना सांगावं लागेल. भरपाई मिळू शकते.”

“काय देतील?” सासूबाईंनी विचारलं.

“पैसे.”

“आनि हळद?”

बाई खरंच हळहळल्या. मला नंबर देऊन त्या निघून गेल्या.

आम्ही बाकावर बसलो. पुन्हा परेशचा फोन. “मावशी, टेन्शन नको घेव. वेळ टळायला नको म्हनून मोबाइलवर धवला लावलाय. तुजाच आवाज हाय, ऐक.”

त्याने फोन स्पीकरजवळ धरला असावा. नेरे गावातल्या एका लग्नात कुणीतरी रेकॉर्ड केलेला तो सासूबाईंचा आवाज, भरदार, स्वच्छ. मला जरा हायसं वाटलं. चला, निदान आवाज तरी गेला तिकडे. पण सासूबाईंचा चेहरा उतरला.

“बंद कर, परेश. आदी बंद कर.”

“का गो मावशी?”

“ती नेऱ्याच्या घरातली मान्सं हायत. त्यांचे मेलेले तुज्या मांडवात बोलावतोस?”

तिकडे गाणं मधेच तुटलं. नशीब, हळद अजून लागली नव्हती. मग सोनाबाईंचा आवाज आला, रडवेला. “गोदू, तूच बोलव गो. फोनवरून तर फोनवरून.”

सासूबाईंनी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि मला फोन तोंडाशी धरायला सांगितला. गायला लागल्या. गळा खरखरत होता, वरचा सूर लागत नव्हता. मधेच कुठल्याशा गाडीची घोषणा त्यांच्या आवाजावर चढायची, मग त्या तेच नाव पुन्हा घ्यायच्या. सोनाबाईंची सासू, सासरा, लहानपणी गेलेला दीर. बॅगा ओढत जाणारी माणसं वळून बघत होती. बघू देत.

आणि फोन कट झाला. मला कळलं, पण मी काही बोलले नाही. नावं घेताना मधे थांबायचं नसतं, नाहीतर बोलावलेलं माणूस अर्ध्या वाटेवर राहतं. मी तो बंद फोन तसाच धरून ठेवला. तुळशीरामाचं नाव त्यांनी सगळ्यांत शेवटी घेतलं, लांबवून, उरलेला सगळा श्वास लावून.

डोळे पुसून त्यांनी विचारलं, “कदी कट झाला?”

“आई, तसं काही…”

“मनिषा. म्हातारी हाय, आंधली नाय.”

“तुळशीराम मामांच्या आधी.”

मी पुन्हा लावला. लागेना. परत लावला. तिकडे वेळ टळत आली होती, एव्हाना हळद लागलीही असणार.

“म्हंजे बाकीची गेली,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “तो हितं ऱ्हायला.”

त्यांनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि जरा सरकून शेजारी जागा केली.